आगीवर धरलेला कोळी : रेव्हरंड ना. वा. टिळक यांना अनावृत पत्र

रायपूर, छत्तीसगड

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस,
सादर नमस्कार, विनंती विशेष.

रायपूरहून नागपूरला निघालं की दुर्गनंतर राजनांदगाव येतं. लहानपणी या प्रवासात आजी खिडकीपाशी बसायची आणि राजनांदगावचा फलाट दिसू लागला की आम्हा मुलांना हलवून जागं करायची. "टिळक इथं उतरले होते," एवढंच म्हणायची. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात ज्ञानेश्वरीच्या शेजारी तुमच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ची जीर्ण प्रत असे. आजी माळकरी. धर्म बदललेल्या माणसाचं तिला एवढं अगत्य का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता मी तिच्या वयाची झाले आहे, आणि त्याच फलाटावरून सुरू झालेला एक प्रश्न घेऊन तुमच्याकडे आले आहे. उपदेश करणाऱ्याची भाषा ऐकणाऱ्याच्या आत शिरते ती कुठल्या वाटेनं?

१८९३ साली नोकरीच्या शोधात तुम्ही नागपूरहून राजनांदगावच्या गाडीत बसलात. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. ते तुमच्याशी संस्कृत काव्यावर बोलले, तुमचं ऐकून घेतलं, नव्या कराराची एक प्रत तुमच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून निघून गेले. त्यांचं नाव तुम्हाला कधीच कळलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत तुमचा बाप्तिस्मा झाला, तुमच्याच इच्छेप्रमाणे भारतीय पाळकाच्या हातून. मात्र ज्या मंडळीत तुम्ही गेलात ती होती अमेरिकन मराठी मिशनची, आणि त्या मिशनचं घराणं सरळ न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांपर्यंत पोचतं. म्हणून हे पत्र तुम्हाला. प्युरिटन व्यासपीठावरची भाषा मराठीत आली तेव्हा तिचं काय झालं, हे तुमच्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या प्युरिटन परंपरेतल्या जोनाथन एडवर्ड्स या पाळकाचं प्रसिद्ध प्रवचन पहिल्यांदा सबंध वाचलं. दुपारची वेळ, बाहेर लू चाललेली, पडदे ओढलेले. ८ जुलै १७४१ या दिवशी आजच्या कनेटिकटमधल्या एनफिल्ड गावात एडवर्ड्स बोलायला उभा राहिला. वय ३७. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. तरी प्रवचन पुरं होण्याआधीच लोक हुंदके देऊ लागले, ओरडू लागले, वाचण्यासाठी काय करू म्हणून विचारू लागले. आपलं बोलणं ऐकू जावं म्हणून त्याला त्यांना शांत व्हायला सांगावं लागलं. तिथं हजर असलेल्या एका पाळकानं आपल्या रोजनिशीत हा आकांत टिपून ठेवला आहे.

आवाज न चढवता हे घडलं कसं? वाचताना लक्षात येतं की सगळं काम चित्रं करतात. चुलीतल्या आगीवर कुणी किळसवाण्या कोळ्याला धरावं तसा देवानं तुला धरलं आहे. ताणलेलं धनुष्य, दोरीवर चढवलेला बाण, रोख तुझ्या छातीवर. बांधानं अडवलेलं पाणी दिवसेंदिवस चढतं आहे. खाली खड्डा, वर कुजकं आच्छादन, त्यावरून तू चालतोस. चित्रं बदलत राहतात, पण प्रत्येकात गोष्ट एकच असते. अजून काही घडलेलं नाही. घडायचं थांबलेलं आहे, आणि थांबवणारा हात कोणत्याही क्षणी सैल होईल. माणसाला पडण्यापेक्षा पडण्याआधीचा क्षण जास्त घाबरवतो, हे या माणसाला पक्कं माहीत होतं. शेवटी तो दयेचं दार उघडं असल्याचंही सांगतो, पण तोवर ऐकणाऱ्याचे पाय गळालेले असतात.

तरी ही चित्रं त्या लोकांना परकी नव्हती. विल्यम पर्किन्स नावाच्या केंब्रिजच्या पंडितानं १५९२ मध्ये प्रवचनकलेवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं प्रवचनकाराला बजावलं होतं की अभ्यास हवा तेवढा करा, पण व्यासपीठावर तो दिसू देऊ नका. ग्रीक-लॅटिनचे तुकडे फेकू नका, साधं बोला. प्युरिटन प्रवचनाचा साचाही ठरलेला होता. आधी शास्त्रातलं वचन, मग त्यातून निघणारा सिद्धान्त, त्याची कारणं, आणि शेवटी 'उपयोग', म्हणजे हा सिद्धान्त समोर बाकावर बसलेल्या माणसाला कसा लागू पडतो ते. पूर्वरंग आणि उत्तररंग ओळखणाऱ्या मराठी कानाला यात काहीच अवघड नाही. आपला कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, प्युरिटन उपदेशक तिथं ऐकणाऱ्यालाच आख्यानाचा नायक करतो. उदाहरणं मात्र घरातली असत: चूल, बांध, किडा. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात प्रत्येक घरात आग पेटलेली असे आणि तिच्यात किडा भाजलेला प्रत्येकानं पाहिलेला असे.

याच एडवर्ड्सनं विशीत असताना, १७२३ मध्ये, कोळ्यांवर एक लांब पत्र लिहिलं होतं. उन्हात चमकणाऱ्या तंतूवर बसून हवेतून तरंगत जाणारे कोळी त्यानं तासन्‌तास न्याहाळले होते, आणि एवढ्याशा जिवालाही मौजेची सोय करून ठेवणाऱ्या निर्मात्याचं त्याला अपार कौतुक वाटलं होतं. हे समजल्यावर मी प्रवचन पुन्हा वाचलं आणि मला वाईट वाटलं. ज्या कोळ्यावर त्यानं इतकं प्रेम केलं, त्यालाच त्यानं पुढे आगीवर धरलं.

तुम्हाला, संस्कृतात मुरलेल्या माणसाला, इथं मुंडकोपनिषद आठवल्याशिवाय राहिलं नसतं. तिथंही कोळी आहे. तो आपल्यातून तंतू काढतो आणि आपल्यातच घेतो, तसं अक्षरातून हे विश्व उत्पन्न होतं. एकाच किड्याच्या अंगी एका देशात पापी आला आणि दुसऱ्या देशात ब्रह्म. मग एका भूमीतलं चित्र उचलून दुसऱ्या भूमीत ठेवलं तर ते तेच सांगेल कसं?

बांधाचंच घ्या. आमच्या छत्तीसगडात अडवलेलं पाणी म्हणजे क्रोध असं कुणाच्या मनातही येणार नाही. रायपूर हे तळ्यांचं गाव. गंगरेलचं धरण भरलं की धमतरीपासून इथपर्यंत लोक एकमेकांना आनंदानं सांगतात. धानाच्या शेतकऱ्याला साठलेल्या पाण्यानं धीर येतो. भीती वाटते ती कोरड्या बांधाची. एनफिल्डचं प्रवचन शब्दाला शब्द लावून कुणी इथं सांगितलं, तर बांधापाशी पोचल्यावर ऐकणारी बाई पदर सावरून हसेल.

शब्दांचंही तसंच. मिशनच्या मराठीत 'तारण' हा मुक्तीसाठीचा शब्द रूढ झाला. पण त्याच काळात नगर जिल्ह्यातला कुणबी 'तारण' ऐकला की सावकाराकडे अडकलेल्या शेताचा विचार करत असणार, कारण जमीन तारण ठेवणं त्याच्या रोजच्या बोलण्यातलं होतं. मुक्ती सांगायला जावं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गहाणखत यावं, याला मी भाषांतरकाराचा दोष म्हणणार नाही. मात्र साधं बोला हा पर्किन्सचा नियम परक्या भाषेत पाळणं किती कठीण, ते यावरून समजतं.

तुमच्या मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले. त्यांना पाठवणारं अमेरिकन बोर्ड १८१० मध्ये स्थापन झालेलं, एडवर्ड्सच्या विचारांवर वाढलेल्या मंडळींनी उभं केलेलं. एडवर्ड्सनंच लिहिलेलं डेव्हिड ब्रेनर्ड या तरुण मिशनऱ्याचं चरित्र त्या पिढीनं उशाशी ठेवलं होतं. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या मुलखात पटकीनं गेला. हा माणूस सोसून गेला, लोकांची भाषा शिकून गेला. त्याच्याविषयी मी कधी हलकं बोलणार नाही. पण त्याच्यामागून जी मराठी प्रवचनाची भाषा तयार झाली तिच्या अंगावर बराच काळ दुसऱ्या हवेचे कपडे होते.

आता मला माझी एक आठवण सांगू द्या. आजोबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. घरात गरुडपुराण लावलं होतं. वैतरणी नदी, तिच्यातलं रक्त आणि पू, तापलेल्या तेलाच्या कढया, यमदूतांचे पाश. वाचणारे गुरुजी सावकाश, एका सुरात वाचत, एडवर्ड्ससारखेच. बरेच महिने मला अंधारात न्हाणीघरात एकटीनं जाववत नव्हतं. तेव्हा भयानं मन वळवण्याची कला सातासमुद्रापलीकडून आली असं मी म्हणत नाही. ती आपल्या ओसरीवरही होती. आणि माझ्यावर तिचा परिणाम झाला, पण मी चांगली झाले नाही. फक्त घाबरट झाले. आजोबांची आठवण काढायची तर आधी ती कढई ओलांडून जावं लागे. हे दुःख अजून माझ्या मनात आहे.

मला त्यातून बाहेर काढलं ते आजीनं. ती मला घेऊन बसायची आणि नाथांचं भारूड म्हणायची, तो विंचवाचा प्रसंग, साग्रसंगीत, स्वतः विव्हळत, पाय धरत. तिथंही नांगी आहे, विष आहे, वेदना आहे, पापाची यादीसुद्धा आहे. फरक एवढाच की नाथांचा विंचू गाणाऱ्यालाच चावलेला असतो.

मला वाटतं माझ्या प्रश्नाचं उत्तर इथं कुठंतरी आहे. इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द. आपल्याकडे दोन आहेत: 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. एडवर्ड्सच्या प्रवचनात सिद्धान्त सांगताना पापी माणसं तिसऱ्या पुरुषात दूर उभी असतात. 'उपयोग' सुरू होताच तो वळतो आणि बाकावरच्या प्रत्येकाला 'तू' म्हणतो. सगळी जरब त्या वळणात आहे. मराठी कीर्तनकार त्याच जागी सहसा 'आपण' म्हणतो. तुकोबांचं पाहा. मरणाचं आणि नरकाचं त्यांनी काही कमी कठोर सांगितलेलं नाही, त्यांचे शब्द चाबकासारखे बसतात. पण त्या पापी जमावात ते स्वतःला आधी उभं करतात. पतित म्हणून पहिली हाक स्वतःलाच असते. त्यामुळे ऐकणारा अंग चोरत नाही.

तुम्ही तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलात असं सांगत असा. मिशनच्या मंडळीत तुम्ही काय केलंत ते मी या वाक्याच्या उजेडात वाचते. तुम्ही ओवी आणि अभंग ख्रिस्ती उपासनेत घरच्यासारखे वावरवलेत. कीर्तन हाती घेतलंत. कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांसारखे कीर्तनकार तुमच्याआधी त्या वाटेनं गेले होते, पण तुमच्या लेखणीनं तो प्रघात मंडळीच्या रक्तात उतरला. तुमच्या भजनांत ख्रिस्त कधी गुरू होतो, कधी सखा, आणि पुन्हापुन्हा आई. पाप म्हणजे तिथं न्यायाधीशापुढचा गुन्हा असण्यापेक्षा लेकरानं आईपासून दूर जाणं अधिक. 'आई' म्हटल्यावर मराठी माणसाला कुठलंही स्पष्टीकरण लागत नाही. ज्ञानोबाला माउली म्हणून त्यानं सहा-सातशे वर्षं तयारी केलेलीच आहे.

ज्या पर्किन्सला तुम्ही आदर्श मानलं नव्हतं, त्याचा नियम मराठीत खऱ्या अर्थानं तुमच्याकडून पाळला गेला, असं माझं मत आहे. त्यानं सांगितलं होतं, साधं बोला. साधं म्हणजे लोकांच्या घरातलं. इतरांनी न्यू इंग्लंडच्या घरातलं आणलं. तुम्ही कोकणातल्या, नगरच्या, देहूच्या घरातलं आणलंत.

आणि हेही खरं की नव्या करारातल्या ज्या पानांवर तुम्ही थांबलात तीच पानं प्युरिटनांचीही होती. डोंगरावरचं प्रवचन. जॉन विन्थ्रॉपनं १६३० मध्ये आपल्या वसाहतीला त्यातलंच टेकडीवरचं नगर दाखवलं होतं. त्या तीन अध्यायांत रानातली फुलं आहेत, पाखरं आहेत, मीठ आहे, दिवा आहे. त्याच अध्यायांत नरकाग्नीही आहे, अरुंद दार आहे, वाळूवरचं कोसळणारं घर आहे. एडवर्ड्सनं कोसळणं पाहिलं, फुलामुलांच्या कवीनं फुलं पाहिली. दोघांनी मूळ मजकुराशी बेइमानी केली नाही. आपला डोळा ज्याला सरावलेला होता ते दोघांना आधी दिसलं.

पण रेव्हरंड, तुमच्याशी माझं एक भांडणही आहे, आणि ते न सांगता नमस्कार केला तर तो खोटा ठरेल. एवढी मन वळवणारी वाणी असलेल्या माणसानं घरातल्या माणसाला काही न सांगता मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो धक्का कसा बसला हे त्यांनीच लिहिलं आहे, इतकं साधं की वाचताना घसा दाटतो. लहानगा मुलगा दत्तू पदरात, आणि कित्येक वर्षं नातेवाइकांच्या दारात. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो तुमच्या प्रवचनामुळे नव्हे. जातिभेद माणसानं केला, देवानं केलेला नाही, हे त्यांना एके दिवशी एकटीनं विचार करताना उमगलं आणि त्या उठून आपल्या पायांनी चालू लागल्या. समोर कुणी बोलणारं नव्हतं. 'स्मृतिचित्रे' माझ्या आजीला का आवडे ते मला आता कळतं. लक्ष्मीबाईंना ना भयानं हलवलं, ना तुमच्या गोड शब्दांनी. तुम्ही अर्धवट ठेवून गेलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे त्यांनीच पुरं केलं, मूळच्या कितीतरी पट लिहून. ज्यांनी ती पहिली वर्षं सोसली त्यांनीच.

आमच्या भागातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण राजनांदगावात असताना ती तुमच्यापासून फार लांब घडत नव्हती. १८६८ मध्ये ऑस्कर लोर नावाचे जर्मन मिशनरी रायपूरला आले आणि इथून उत्तरेला त्यांनी बिश्रामपूर वसवलं. त्यांची आशा सतनामी पंथावर होती. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी या लोकांना मूर्ती सोडा, दारू-मांस सोडा, जात मानू नका, एका सतनामाला भजा असं सांगितलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की छत्तीसगडचे हे प्युरिटनच, अर्धी वाट चालून आलेले. तसा हिशेब फळला नाही. काही घरं ख्रिस्ती झाली, गावं वसली, शाळा-दवाखाने उभे राहिले. पंथ मात्र आपल्या जागी राहिला. मी डिसेंबरात घासीदास जयंतीला पंथी नाच पाहते तेव्हा मला त्याचं कारण दिसतं. पांढरा जैतखांब, पांढरं निशाण, मांदरचा ठेका, आणि माणसांवर माणसं चढून उभा राहिलेला मनोरा. माणूस माणसासारखाच आहे, हे तिथं कुणी समजावून सांगत नाही. एकमेकांच्या खांद्यांवर ते उभं असतं. ज्या लोकांकडे इतकं पुरं चित्र आधीच होतं त्यांना दुसऱ्याचं घ्यायची गरज कशाला भासावी?

पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या मंडळ्या एक झाल्या. एकीत प्युरिटनांचे वारस, म्हणजे तुमच्या मराठी मिशनची घरची माणसं. दुसरीत लोरांना ज्यांनी पाठवलं त्या जर्मन मंडळीचे वंशज. मराठी मिशनचं नगर आणि लोरांचं बिश्रामपूर असे एकाच छपराखाली आले.

आणखी दोन गोष्टी. एडवर्ड्सला त्याच्याच मंडळीनं १७५० मध्ये काढून टाकलं. मग तो स्टॉकब्रिजला मोहिकन लोकांमध्ये राहायला गेला. दुभाष्यामार्फत बोलावं लागे, त्यामुळे तिथली प्रवचनं छोटी झाली, सोपी झाली. त्यांत गोष्टी आल्या, झाडं-पाणी आलं, आणि आगीचा धाक बराच कमी झाला. दुसऱ्याच्या भाषेपुढे उभं राहिल्यावर तोही बदलला.

दुसरी गोष्ट जस्टिन अ‍ॅबट यांची. बाप्तिस्म्याआधी ज्यांच्याशी तुमचा पत्रव्यवहार झाला ते 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राचे अ‍ॅबटसाहेब. न्यू हॅम्पशरात जन्मलेल्या या मिशनऱ्यानं आयुष्याची शेवटची वर्षं मराठी संतांची चरित्रं इंग्रजीत नेण्यात घालवली. महिपती, एकनाथ, तुकाराम. उपदेश करायला आलेलं घराणं शंभर वर्षांनी ऐकायला बसलं होतं. तुम्ही ते पाहायला नव्हता. साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडून, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्यांना एका पंगतीला बोलावून, तुम्ही १९१९च्या मे महिन्यात निघून गेलात.

मला त्या डब्यातल्या अनोळखी गृहस्थांचा विचार सारखा येतो. त्यांनी तुम्हाला आग दाखवली नाही, धनुष्य दाखवलं नाही. आधी तुमच्या संस्कृत कवींबद्दल विचारलं. नंतर पुस्तक दिलं. दोन वर्षांचं ते भाकीत मात्र मला आजही खटकतं. त्यात बाण दोरीवर चढवल्याचा भास होतो. त्यांच्याऐवजी मी असते तर पुस्तक देऊन गप्प बसले असते. तुम्ही त्यांच्यावर रागावलात की हसलात, हे तुमच्याच तोंडून ऐकायला आवडलं असतं.

पुढच्या महिन्यात नातीला घेऊन नागपूरला जायचं आहे. खिडकीची जागा मिळाली आहे. ती आठ वर्षांची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तात्यापाऱ्यातली एक वाचक